सरबत, आगळ की चहा?

लेले मॅडमनी माझं कोकम सरबत कायमचं बंद केलं. रत्नागिरीत राहायचं आणि सरबत प्यायचं नाही म्हणजे काय हाल होतात ते मला विचारा. उन्हाळ्यात कुणाच्याही घरी जा, चपला काढून आत पाय टाकेपर्यंत लाल ग्लास पुढे येतो. मी आपली घसा बसलाय म्हणते. होळी झाली की माझा घसा बसतो तो थेट पावसाळ्यापर्यंत बसलेलाच, आणि शेजारच्या काकूंना तर मला कसलातरी जुना विकार आहे असंच वाटतं.

दोष सगळा मॅडमचा. मी मूळची मिरजेची. नोकरीसाठी म्हणून इथल्या एका हॉस्पिटलात आले, तेव्हा कॅज्युअल्टीच्या त्या मुख्य होत्या. पहिल्याच सकाळी पालीच्या बाजारातले एक दुकानदार आले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "उन्हाळी लागलीय." लघवीला आग झाली की उन्हाळी लागली म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. मी कागदावर जळजळ असं लिहायला घेतलं, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "आग होते की नुसती लाल होते? इथे दोन्हीला उन्हाळीच म्हणतात गो. विचारून घे."

दुकानदार ओशाळले. नुसती लाल होते म्हणाले.

"लाल म्हणजे कशी? सरबतासारखी, आगळासारखी, की कोऱ्या चहासारखी?"

मला वाटलं बाई त्यांची चेष्टा करतायत. पण दुकानदारांनी डोळे मिटून खरोखर विचार केला. "सरबत," ते म्हणाले. "जरा पाणी जास्त झालेलं."

"सुरुवातीला, शेवटाला, की आख्खी?"

"आख्खी."

मग गुठळ्या पडतात का, कुठे दुखतं का, मार लागलाय का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, विड्या किती, असं एकामागून एक. हे सगळं विचारताना मॅडमची तीन बोटं दुकानदारांच्या मनगटावर होती आणि डोळे रक्तदाबाच्या यंत्राकडे. "आधी माणूस, मग बाटली," हे त्यांचं आवडतं वाक्य. नवीन डॉक्टर लघवीच्या बाटलीकडे डोळे लावून बसतात आणि तिकडे पेशंट पांढराफटक पडत असतो, हे त्यांनी बरंच पाहिलं असावं.

रंगांची ही पट्टी त्यांनी स्वयंपाकघरातून उचलली होती. फिकं सरबत म्हणजे रक्त थोडं. आगळ, म्हणजे कोकमाचा तो दाट मिठाचा रस, तर जास्त. आगळात सालं दिसली तर त्या गुठळ्या, मग लघवी अडकते का त्यावर लक्ष ठेवायचं. कोरा चहा म्हणजे मूत्रपिंडाकडे बघा, नाहीतर कावीळ आहे का ते बघा. एकदा एका शाळकरी मुलीची आई "चहासारखी" म्हणाली, तशी मॅडमनी बाटलीला हातही न लावता त्या मुलीचे सुजलेले डोळे बघितले, महिन्याभरात घसा दुखला होता का ते विचारलं आणि तिला तडक मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मुलगी बरी होऊन आली तेव्हा आईनं सांगितलं की घरात आता कुणी कोरा चहा करत नाही.

या पट्टीत आणखी एक रंग होता, मासे धुतल्याच्या पाण्याचा. गंमत अशी की मॅडम पक्क्या शाकाहारी. पेशंट सारखे "म्हावरा धुतल्यावर पाणी होतं तसं" म्हणायचे आणि यांना ते डोळ्यांपुढे येईना. शेवटी आमच्या सुर्वे सिस्टरना घरून बांगडे आणायला लावले, स्टाफच्या मोरीत धुवून घेतले, आणि नाकाला पदर लावून ते पाणी ग्लासात भरून खिडकीशी उजेडात धरून बघितलं. "कळलं," म्हणाल्या. "आता ते लवकर बाहेर न्या." ते बांगडे दुपारी आम्ही सगळ्यांनी खाल्ले आणि मॅडम आपले दाणे खात खिडकीशी बसल्या. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत. पेशंट रडायला लागला की त्याला दाणे मिळत, आणि ज्युनिअर डॉक्टर रडायला लागला तरी दाणेच.

कोकमाच्या बाटलीचा किस्सा अजून हॉस्पिटलात सांगतात. हातखंब्याच्या एका बाईंचा मूतखडा पडून गेला, त्या खूश होऊन मॅडमसाठी घरच्या अमृत कोकमची बाटली घेऊन आल्या. मॅडम आत टाके घालत होत्या. बाईंनी बाटली टेबलावर ठेवली आणि जाताना सांगितलं, "मॅडमना द्या." टेबलावर कुणी नुसत्या बाटल्या ठेवतात त्या कशाच्या, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. कुणीतरी तिच्यावर मॅडमच्या नावाची चिठ्ठी डकवली आणि ती सरळ लॅबमध्ये गेली. अर्ध्या तासात लॅबचा सावंत धापा टाकत वर आला. साखर बेसुमार, आम्ल बेसुमार, पेशंटला आत्ताच्या आत्ता भरती करा म्हणाला.

"रक्त?" मॅडमनी विचारलं.

"तेवढं नाहीये मॅडम. पण रंग एकदम आगळ. मला तर काही कळेना."

मॅडमनी बाटली हातात घेतली, चिठ्ठी वाचली, झाकण उघडून वास घेतला. मग पेल्यात ओतून, पाणी घालून, सावंताच्या देखत घटाघट प्यायल्या. सावंत भिंतीला टेकला. "मेल्या, पेशंटची तब्येत उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "वेलची मात्र कमी पडलीय." त्या दिवसापासून माझं सरबत बंद झालं ते झालंच. मॅडम मात्र रोज पीत.

आवाज त्यांचा असा की बाहेर रिक्षावाल्यांना निदान ऐकू जायचं. पण पुरुषमाणूस लाजून गप्प झाला की मॅडम एकदम बदलत. इथली माणसं तशी बोलकी. आंब्याचा मोहोर, बिबट्या, भाऊबंदकी, कशावरही तासभर बोलतील, पण या विषयावर तोंडाला कुलूप. मग मॅडम उठायच्या, त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहायच्या आणि पदरानं चष्मा पुसायला लागायच्या. बाहेर बघत हलक्या आवाजात विचारायच्या, "हं, आता सांगा. रंग कसा?" आणि तो माणूस त्या पाठीला सगळं सांगून टाकायचा. चष्मा काही एवढा मळत नसणार. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाल्या, "तोंडाकडे बघून सांगायला धीर लागतो गो. पाठीला सांगायला नाही लागत."

नाटे गावच्या तात्यांनीही त्या पाठीलाच सांगितलं, पण ते नंतर. आधी एका दुपारी त्यांना टेम्पोतून आणलं तेव्हा ते बोलायच्या अवस्थेतच नव्हते. तात्या तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. साठीचा, दोरखंडासारखा माणूस, आणि पोटाशी दोन्ही हात धरून गुरासारखा ओरडत होता. सकाळपासून लघवीचा थेंब नाही. बरोबर त्यांची बायको, तिला सगळे काकी म्हणत. काकीनं सांगितलं की वर्षभरात तीनचार वेळा लाल झाली होती. दुखलं काहीच नाही. इंजिनाजवळ बसून उष्णता होते म्हणून सब्जा दिला, सरबत दिलं, की दोन दिवसांत थांबायची. थांबली की झालं बरं.

मॅडमनी आधी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. मग तीन तोंडांची जाड नळी मागवली. मूत्राशय गुठळ्यांनी भरलं होतं आणि बारीक नळीत गुठळ्या अडकून बसतात. मोठ्या पिचकारीनं सलाईन आत सोडायचं, ओढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं, असं हातानं धूत राहायचं काम. मी करते म्हटलं तर मला बाजूला सारलं. आणि धुता धुता तात्यांना विचारायला लागल्या, सुरमई ताजी कशी ओळखायची.

तात्या कळवळत म्हणाले, "कल्ला बघायचा."

"कल्ला म्हणजे कुठे?"

"मॅडम, तुमी खाता काय?"

"नाही. पण विचारून ठेवावं."

अर्ध्या तासानं तात्यांचा घाम सुकला आणि ते आयुष्यात मासा न चाखलेल्या बाईला पापलेट आणि हलव्यातला फरक समजावून देत होते. नळीला जोडलेल्या पिशवीतला रंग आगळावरून सरबतावर आला, संध्याकाळी मासे धुतल्याच्या पाण्यावर, आणि पुढे नितळ झाला. मॅडम मधूनमधून येऊन पिशवी उजेडात धरून बघायच्या आणि तात्यांना रंग सांगायच्या, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीला काहीतरी उंचवटा दिसत होता. गुठळीच चिकटून राहिलीय की गाठ आहे, ते दुर्बीण घालून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. साठीचा माणूस, जन्मभर विड्या, न दुखता येणारं रक्त. मॅडमनी काकीला आणि तात्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. गाठ असली आणि आत्ता सापडली तर खरवडून काढता येते. राहू दिली तर उद्या मूत्राशय काढायची पाळी येईल, आणि त्याच्या पुढचं मला बोलायला लावू नका. कोल्हापूरचे तज्ज्ञ डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी रत्नागिरीत येतात, सोमवारी या.

"रगात थांबलाय ना आता," तात्या म्हणाले. होड्या समुद्रात काढायचे दिवस जवळ आले होते.

"थांबलं म्हणजे संपलं नव्हे, तात्या."

येतो म्हणाले आणि गेले. सोमवारी आले नाहीत. गुरुवारी नाहीत. पुढच्या सोमवारीही नाहीत. मॅडमनी काकीला फोन लावला. मुंबईला असलेला पुतण्या म्हणाला होता की काकांना इकडेच आणा, इथे मोठी हॉस्पिटलं आहेत. म्हणून गावच्या देवीला कौल लावला. इथली ही पद्धत मला तेव्हा नवीन होती. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "मुंबईस न्यावा काय म्हनून विचारला," काकी म्हणाली, "डावा दिलान देवीनं. आता ते उठत नायत."

मी भडकले. समोर बसवून एवढं स्पष्ट सांगितलं ते गेलं वाऱ्यावर, आणि आता दुर्बीण घालायची का ते पाकळी ठरवणार. बरंच काही बोलले मी. मॅडमनी माझ्या हातावर दाणे ठेवले.

"रविवारी येतेस का नाट्याला, मासे आणायला?"

"तुम्ही मासे कुठे खाता?"

"तू खातेस ना. कल्ला बघायचा असतो, दाखवते तुला."

पावस, पूर्णगड करत त्यांच्या छोट्या गाडीनं आम्ही गेलो. रस्ताभर मी देवीला कसं समजावणार हेच विचारत होते. "देवीला कशाला समजवायचं?" मॅडम म्हणाल्या. "तिचं काय चुकलंय?"

तात्या पडवीत जाळं घेऊन बसले होते. आम्हांला बघून त्यांचा चेहरा पडला. मॅडम तिथेच पायरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि तात्यांकडे पाठ करून अंगणाकडे तोंड करून बसल्या. चष्मा निघाला, पदर आला. "हं, सांगा आता."

तात्यांनी जाळ्यातली एक गाठ सोडवून परत बांधली. मग तात्या म्हणाले, "परवा परत जरा सरबत झाली. हिला बोललो नाय."

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. मॅडम चष्मा पुसतच म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. आणि देवीचा कौल मोडायचा नाही, हेही बरोबर. मुंबईला नको म्हणाली ना ती? मग मुंबईला जायचंच नाही. पण रत्नागिरीचं तुम्ही तिला विचारलंत कुठे?"

तात्यांचे हात जाळ्यावर थांबले. मग काकीच बाहेर आली, पदर खोचला आणि गुरवाला बोलवायला निघाली.

देवळात मोजून सातआठ माणसं होती. गुरव म्हातारा, हुशार डोळ्यांचा. प्रश्न काय घालू म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "रत्नागिरीस तात्यांनी सोमवारी यावं की गुरुवारी, एवढंच विचारा. उजवी सोमवार, डावी गुरुवार." गुरवानं मॅडमकडे एकदा नीट बघितलं. त्याला सगळं कळलं होतं आणि त्याची काही हरकत दिसली नाही. गाऱ्हाणं सुरू झालं, प्रत्येक ओळीला माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होती, आणि त्यात मॅडमचा खणखणीत आवाजही होता. डावी पाकळी पडली.

परतताना मी म्हटलं, ही तर चक्क लबाडी झाली. "कसली लबाडी?" त्या म्हणाल्या. "तुला रोज काय शिकवते मी? प्रश्न नीट विचारायचा. लाल होते का विचारलंस तर माणूस हो म्हणेल, त्यातून काय कळणार?" सुरमई मात्र घ्यायची राहून गेली.

गुरुवारी तात्या आले. गाठच होती. पण वरवरची होती, आत रुजली नव्हती, दुर्बिणीतूनच निघाली. तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी मॅडमनी कॅज्युअल्टीतल्या सगळ्यांना सरबत पाजलं. माझा घसा भर पावसाळ्यातही बसलेला होता.

गाठ पुन्हा उगवत नाही ना हे बघायला दर तीन महिन्यांनी दुर्बीण करायची होती. तात्या दर वेळी कौल लावून येत, सोमवार की गुरुवार. विडी सुटली, पण सवयीनं कानामागे एक न पेटवलेली असायची. एकदा मॅडम नव्हत्या तेव्हा माझ्याशी बोलत बसले. मी विचारलं, "तात्या, मॅडमनी देवीला बरोबर गुंडाळली हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळला की," ते म्हणाले. "तेवाच कळला. पन मी भ्यालेलो, पोरी. तांडेलानं भ्यालो म्हनून कुनाला सांगायचा? देवीनं बोलावलान म्हटल्यावर जाता आला." कानामागची विडी काढून त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि परत ठेवली.

मॅडम निवृत्त झाल्या. मुलगा पुण्याला, गुडघे बोलायला लागलेले, इथलं घर बंद करून जायचं ठरलं. निरोपाचे समारंभ झाले. त्यात भाषणं करणाऱ्यांनी त्यांच्या कार्याबद्दल सांगितलं आणि सावंतानं बाटलीबद्दल, आणि लोक सावंताच्या वेळेला हसले. मॅडम सगळीकडे ठणठणीत. पुण्यात म्हणे दाणे चांगले मिळतात. मला मात्र काही सुचत नव्हतं, आणि त्या जायच्या आधल्या आठवड्यात तात्यांचा निरोप आला की मॅडमना घेऊन देवळात या.

पुन्हा आम्ही नाट्याला गेलो. आता देवळात अर्धा गाव होता. गुरव तोच. तात्या नवा सदरा घालून पुढे उभे. मॅडमनी विचारलं, "कसला कौल आहे रे बाबा?"

"तुमचाच," तात्या म्हणाले, आणि गुरवाला सांगितलं, "विचार. मॅडमनी दर वर्षाला आमच्याकडे गनपतीस यावा की शिमग्याला? उजवी गनपती, डावी शिमगा."

"अहो पण," मॅडम म्हणाल्या, "मी येणार की नाही ते कुठे विचारलंत?"

"तो प्रश्न घालायचा नसतो. तुमीच शिकवलात."

गाऱ्हाणं झालं. "व्हय म्हाराजा" म्हणताना पहिल्या दोन ओळींना मॅडमचा आवाज ऐकू आला, नंतर आला नाही. पाकळ्या काही पडेनात. सगळे टक लावून बघत होते. मग उजवी सुटली. गणपती.

मॅडम उठल्या. आमच्या सगळ्यांकडे पाठ करून देवळाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, समोर माड आणि त्यापलीकडे खाडी. चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. पुसत राहिल्या. मी पुढे होणार होते, तर तात्यांनी हातानं मला थांबवलं आणि स्वतःच वळून मॅडमकडे पाठ केली. मग काकीनं केली. मग गुरवानं. मी पण केली. अख्खा गाव देवीकडे तोंड करून उभा राहिला आणि कुणी मागे बघितलं नाही.

थोड्या वेळानं दारातून नेहमीचा खणखणीत आवाज आला, थोडा घोगरा. "तात्या, सध्या रंग कसा?"

"पानी, मॅडम," तात्या देवीकडे बघत म्हणाले. "नितळ पानी."